मापाचं वल्हं

राजधानीहून आलेलं अंदाजपत्रक
ओनोफ्रेने चष्मा न लावताच परत केलं.
लेझरचं यंत्र, यंत्राचा माणूस, माणसाची होडी, त्याचं दुपारचं जेवण.
एवढ्या पैशात, तो म्हणाला,
हे चर्च पाडून नवं बांधू,
वर घंटेला दोर नवा.
चाव्यांचा जुडगा त्याच्या कमरेला एकोणतीस वर्षं.
पाडणं हा शब्द त्याने उच्चारला
तेव्हा हात चाव्यांवर होता.

मग माझा जुना कॅमेरा निघाला,
सामन मासे सोलायच्या कारखान्यातले तीन पगार,
भिंगावर एक ओरखडा, जो फक्त आभाळात दिसतो.
उंचीसाठी गळाची काठी, काठीला चिकटपट्टी.

ऊन नको होतं.
ऊन सावल्या ठेवून जातं
आणि सावल्या तासाभरात घरं बदलतात.
चिलोएच्या या बेटावर ढगांचा तुटवडा कधीच नव्हता,
त्यांचे आभार मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मानले.

एक पाऊल, एक फोटो.
एक पाऊल, एक फोटो.
प्रत्येक चित्राचा निम्म्याहून जास्त भाग
शेजारच्या चित्रातही हवा,
गर्दीत पोरं एकमेकांचा सदरा धरून चालतात तसा.
एक फळी तीन जागांवरून दिसली
तरच यंत्र कबूल करतं, हो, फळी आहे.
एका साक्षीदारावर भागत नाही त्याचं.
आमच्याकडे लग्नाला दोन पुरतात, ओनोफ्रे म्हणाला.

बाहेरची भिंत सोपी गेली:
आलेर्सेच्या लाकडाच्या खवल्या, प्रत्येक वेगळी कुजलेली,
वेगळ्या करड्या रंगाची.
आतली वेदीमागची भिंत नडली.
पाच वर्षांपूर्वी कुणी भाविकाने तिला पांढरा रंग दिलेला,
गुळगुळीत, निर्दोष,
आणि निर्दोष गोष्ट यंत्राला दिसतच नाही.
शाळेतल्या पोरांनी मग लोकरीचे तुकडे लटकवले,
लाल, हिरवे, एक कुणाच्या तरी मोज्याचा.

पायरीवर एदुविना बटाटे सोलत होती.
बाजूला व्हा म्हटलं.
सत्तर वर्षं इथेच बसते, ती म्हणाली,
मलाही मोजा.

रात्रभर लॅपटॉपचा पंखा धापा टाकत राहिला.
चौदाशे बारा फोटो. जनरेटरला दोनदा तेल.
पहाटे पडद्यावर ठिपके जमू लागले,
आधी मनोरा, मग छप्पर, मग कमानींचे तीन काळे पोकळ डोळे,
आणि सगळं चर्च अधांतरी उभं राहिलं,
हुबेहूब,
पण केवढं, ते त्याला ठाऊक नव्हतं.
काडेपेटीएवढं असेल किंवा डोंगराएवढं.
यंत्राला आकार कळतो, माप कळत नाही.
एक लांबी सांगा, ते म्हणालं, खरी.

माझी टेप गंजून कधीच तुटली होती.
पण पश्चिमेच्या भिंतीला टेकून ओनोफ्रेच्या बापाचं वल्हं होतं,
बावीस फोटोंत आलेलं.
कुणी ठेवलं तिथे? तो काही बोलला नाही.
मापात पाप नको म्हणून सुताराकडून मीटरपट्टी आणली,
तिघांनी तीनदा मोजलं:
दोन मीटर, एक्केचाळीस सेंटिमीटर.
आकडा टाकला
आणि चर्च आपल्या उंचीला आलं.

मनोरा समुद्राकडे अकरा सेंटिमीटर कललेला.
ओनोफ्रे बराच वेळ पडद्यासमोर.
मला माहीत होतं, तो म्हणाला,
वाटायचं माझंच डोकं तिरकं झालंय.

सुताराने तेव्हाच तीन टेकूंचा हिशेब मांडला,
लाकूड, खिळे, बैलांची एक जोडी.
अंदाजपत्रकाच्या पाठीवरच लिहिला.

पायरीवर एदुविना उतरली नव्हती.
हलणारं माणूस ठिपक्यांना धरता येत नाही.
तिथे अर्धा एप्रन, तीन हात,
आणि चेहऱ्याच्या जागी मागच्या दाराचा डाग.
मांडीवरचं भांडं मात्र स्थिर राहिलेलं.
ती पुढे वाकली, निरखून पाहिलं.
बटाटे, म्हणाली, बरे आलेत.